त्या कोणत्या वाटेने दिसेनाशा झाल्या, ते आधी शोधा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमच्या वाचनगटाला कलेच्या इतिहासात मागे पडलेल्या बारा स्त्रियांवर कार्यक्रमांची मालिका करायची आहे आणि सोबत चित्रांच्या प्रतींचं छोटं प्रदर्शनही लावायचं आहे. टिपणं लिहून झाल्यावर दोन अडचणी उभ्या राहिल्या. गटातल्या एकांनी विचारलं, "या खरंच इतक्या चांगल्या होत्या, तर आपल्याला आधीच माहीत नसत्या का?" दुसरी अडचण तुमची तुम्हालाच जाणवली. बाराही टिपणं एकाच साच्यातून निघाल्यासारखी झाली आहेत. लहानपणापासून आवड, घरून विरोध, मग नवरा, मग उपेक्षा आणि शेवटी 'तरीही ती थांबली नाही'. नावं कशी निवडावीत आणि गोष्ट कशी सांगावी, हे तुम्हाला हवं आहे.

मी प्रदर्शनांची मांडणी करते, चित्रांशेजारी लागणाऱ्या पाट्यांचा मजकूर लिहिते आणि कलेचा इतिहास शिकवते. या कामातून माझं एक मत पक्कं झालं आहे. तुमच्या दोन्ही अडचणींचं मूळ एकच आहे. या सगळ्या जणी एकाच कारणाने मागे पडल्या असं आपण धरून चालतो, म्हणून टिपणं एकसारखी होतात आणि म्हणूनच त्या मित्राच्या प्रश्नाला नेमकं उत्तर देता येत नाही. खरं तर प्रत्येकीची दिसेनाशी होण्याची वाट वेगळी असते. कुणाचं काम दुसऱ्याच्या नावावर गेलं, कुणाला शिकूच दिलं नाही, कुणाच्या कामाला कला म्हणायचंच नाही असं ठरलं. ती वाट सापडली की तिचा गौरव कसा करायचा हे बरंचसं आपोआप ठरतं. स्त्रीवादी दृष्टी मी म्हणते ती हीच. यादीत बायकांची नावं वाढवण्यापेक्षा यादी कशी तयार झाली ते तपासणं.

काही गोष्टी अर्थातच तुमच्या परिस्थितीवर ठरतील. श्रोते कोण आहेत, एका बैठकीला किती वेळ आहे, चांगल्या प्रती मिळतात का, चित्रकलेपुरतंच ठेवायचं आहे की संगीत-नाटकही घ्यायचं आहे, यावर निवड बदलेल. म्हणून तयार यादी देण्याऐवजी मी कसा विचार करते ते सांगते.

आधी मित्राच्या प्रश्नाकडे येऊ. तो प्रश्न टाळू नका, कारण सभागृहातल्या निम्म्या लोकांच्या मनात तोच असतो. त्याच्या मुळाशी एक समजूत आहे: काळ हा निःपक्षपाती परीक्षक असतो आणि चांगलं ते तो आपोआप राखतो. प्रत्यक्षात यातल्या कितीतरी जणी त्यांच्या काळात चांगल्याच प्रसिद्ध होत्या. इटलीत वसारी या चित्रकार-लेखकाने 1550 साली कलावंतांची चरित्रं प्रसिद्ध केली, त्यात प्रोपेर्झिया दे रोसी या बोलोन्याच्या शिल्पकार स्त्रीचं चरित्र आहे. सोफोनिस्बा अँग्विसोला ही इटालियन चित्रकार स्पेनच्या दुसऱ्या फिलिपच्या दरबारात होती. पण चारशे वर्षांनंतर, 1962 साली, अमेरिकेत निघालेल्या आणि पुढे जगभर शिकवल्या गेलेल्या कलेच्या इतिहासाच्या एका जाडजूड पाठ्यपुस्तकात एकाही स्त्री कलावंताला जागा नव्हती. म्हणजे ज्या माहीत होत्या त्या मधल्या काळात गाळल्या गेल्या, आणि हे काळाने केलं नाही. संग्राहकांनी, विक्रेत्यांनी, अभ्यासकांनी, पुस्तकं लिहिणाऱ्यांनी केलं.

याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण म्हणजे ज्युडिथ लेस्टर. तुमच्या यादीत ती नसेल तर घ्या, आणि तिच्यापासूनच सुरुवात करा. 1609 साली हॉलंडमधल्या हार्लेम शहरात तिचा जन्म झाला. 1633 मध्ये ती तिथल्या चित्रकारांच्या संघाची सभासद झाली. याचा अर्थ तिला स्वतःची कार्यशाळा चालवण्याचा, शिष्य घेण्याचा आणि चित्रं विकण्याचा अधिकार होता. 1635 मध्ये तिचा एक शिकाऊ मुलगा तिला सोडून फ्रान्स हॅल्सकडे गेला, तर तिने संघाकडे दाद मागून भरपाई मागितली. हॅल्स त्या शहरातला सगळ्यात नावाजलेला चित्रकार होता. हा प्रसंग मी नेहमी सांगते, कारण त्यात बिचारी ज्युडिथ दिसत नाही. स्वतःचा धंदा आणि हक्क नीट जाणणारी एक व्यावसायिक चित्रकार दिसते.

1636 मध्ये तिने यान मिन्स मोलेनार या चित्रकाराशी लग्न केलं. त्यानंतरची तिची चित्रं फारच थोडी सापडतात. 1660 मध्ये ती गेली. 1668 मध्ये नवरा गेल्यावर घरातल्या चित्रांची यादी झाली, तिच्यात काही चित्रांपुढे 'मृताची पत्नी' एवढंच लिहिलेलं आहे, नाव नाही. पुढची दोनशेहून अधिक वर्षं तिची चित्रं हॅल्सची किंवा इतर कुणाची म्हणून विकली जात राहिली. 1893 मध्ये हॉलंडच्या एका अभ्यासकाने, हॅल्सचं म्हणून विकल्या गेलेल्या आणि आज पॅरिसच्या लूव्हरमध्ये असलेल्या चित्रावरची खूण ओळखली. जे आणि एल ही अक्षरं एकात एक गुंफलेली आणि पुढे एक चांदणी. ती लेस्टरची सही होती. त्याच चित्रावरून लंडनमध्ये खटला उभा राहिला होता, कारण घेणाऱ्यांना आपण फसलो असं वाटलं. रंग तेच, हात तोच, हसरे चेहरेही तेच. बदललं फक्त नाव, आणि त्याबरोबर किंमत. मित्राच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. लेस्टर चांगली होती म्हणूनच तिचं काम हॅल्सचं समजून जपलं गेलं. लोकांना चित्र माहीत होतं, चित्रकार माहीत नव्हती.

या जोडीला दुसरं एक चित्र दाखवा. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात 1801 सालचं एका तरुणीचं व्यक्तिचित्र आहे. खिडकीला पाठ करून ती बसली आहे, मांडीवर कागद आहे आणि ती आपल्याकडे बघत चित्र काढते आहे. मागच्या खिडकीची काच तडकलेली आहे. 1917 मध्ये संग्रहालयात आलं तेव्हा हे चित्र फ्रान्सचा नामांकित चित्रकार जाक-लुई दाविद याचं मानलं जात होतं, आणि वाखाणलंही जात होतं. 1951 मध्ये एका अभ्यासकाने ते दाविदचं नसावं, एखाद्या स्त्रीचं असावं असं मांडलं. त्याच लेखात त्याला चित्रात चतुराईने झाकलेले दोष दिसू लागले, चित्रापेक्षा साहित्याच्या जवळ जाणारं काव्य दिसू लागलं, आणि हा सगळा स्त्रीमनाचा आविष्कार असल्याचं वाटू लागलं. नंतर 1990 च्या दशकात ते मारी-दनीज व्हिलेर हिचं असल्याचं मांडलं गेलं आणि आज ते तिच्याच नावाने लावलेलं आहे. श्रोत्यांना आधी चित्र दाखवा, नाव सांगू नका. काय आवडलं, काय खटकलं ते त्यांना बोलू द्या, आणि मग ही हकिगत सांगा. नावामुळे नजर किती बदलते, हे तिथल्या तिथे कळतं. मी हे अनेकदा केलं आहे, आणि त्यानंतरची चर्चा दर वेळी अधिक सावध, अधिक प्रामाणिक झालेली पाहिली आहे.

ही झाली पहिली वाट, काम दुसऱ्याच्या नावावर जाण्याची. दुसरी वाट शिक्षणाची. इथे मात्र लेस्टरचं उत्तर चालत नाही, कारण इथे काही कामं झालीच नाहीत. युरोपात शतकानुशतकं सगळ्यात वरचा दर्जा होता मोठ्या पौराणिक, धार्मिक, ऐतिहासिक चित्रांना. तशी चित्रं काढायची तर नग्न शरीराचा अभ्यास हवा, आणि त्या वर्गात स्त्रियांना प्रवेश नव्हता. लंडनची रॉयल अकादमी 1768 मध्ये स्थापन झाली तेव्हा संस्थापकांत अँजेलिका कॉफमन आणि मेरी मोझर या दोघी होत्या. पण योहान झोफनीने या सभासदांचं जे समूहचित्र रंगवलं, त्यात सगळे पुरुष मॉडेलभोवती उभे आहेत आणि या दोघी भिंतीवर टांगलेल्या दोन व्यक्तिचित्रांच्या रूपात आहेत. मॉडेल विवस्त्र, म्हणून त्या खोलीत त्यांना आणणं अशक्य. संस्था काढणाऱ्या दोघींना त्याच संस्थेच्या चित्रात भिंतीवर जागा मिळाली. त्यानंतर पूर्ण सभासद म्हणून निवडून आलेली पुढची स्त्री लॉरा नाइट, आणि ते साल होतं 1936.

अमेरिकन अभ्यासक लिंडा नॉकलिन हिने 1971 च्या आपल्या निबंधात हाच मुद्दा ठामपणे मांडला. महान स्त्री कलावंत का झाल्या नाहीत, या प्रश्नावर घाईने चार नावं पुढे करू नका, कारण तसं करताना प्रश्नातलं गृहीतक आपणही मान्य करतो. प्रतिभा ही कुणाच्या अंगात दडलेली जादू नसते, तिला शाळा, साहित्य, वेळ, गुरू आणि गिऱ्हाईक लागतं. मला हे पूर्ण पटतं. म्हणून या वाटेवरच्या स्त्रियांबद्दल बोलताना 'एवढं असूनही ती पुरुषांच्या तोडीची झाली' असं लिहू नका. तसं लिहिलं की अडथळे फारसे गंभीर नव्हते, असाच अर्थ निघतो. नुकसान झालं, ते नुकसान म्हणूनच सांगावं.

आणि मग जे उरलं, त्यात तिने काय केलं ते दाखवावं. अँटवर्पशी जोडली जाणारी क्लारा पीटर्स सतराव्या शतकाच्या सुरुवातीला स्थिरचित्रं रंगवत होती. दर्जाच्या उतरंडीत हा प्रकार तळाचा. पण तिची चित्रं जवळून पाहा. धातूच्या चकचकीत चषकावर जे फुगीर गोळे आहेत, त्यांतल्या अनेकांत तिचं स्वतःचं इवलंसं प्रतिबिंब आहे. टेबलावरच्या सुरीच्या मुठीवर तिचं नाव कोरलेलं आहे. माणसांची मोठी चित्रं काढायची वाट बंद होती, तर तिने वस्तूंच्या चित्रात स्वतःला उभं केलं, आणि तेही इतक्या कौशल्याने की पुढे वाकल्याशिवाय दिसत नाही. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयाने पहिल्यांदा एखाद्या स्त्री चित्रकाराचं एकल प्रदर्शन भरवलं ते 2016 मध्ये, आणि ते पीटर्सचं होतं. तुमच्या प्रदर्शनात तिची प्रत लावलीत तर ती मोठी लावा, आणि शेजारी त्या चषकाचा एक तुकडा वाढवून लावा.

तिसरी वाट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि अशा मालिकांत तीच सुटते. ज्या कामाला कलाच मानलं नाही, ते काम. जर्मनीत 1919 मध्ये सुरू झालेल्या बाउहाउस या कलाशाळेने स्त्री-पुरुष समानता जाहीर केली होती. मुली मोठ्या संख्येने आल्या, आणि बहुतेकींना विणकामाच्या कार्यशाळेकडे वळवलं गेलं. अॅनी आल्बर्सला काचकामाच्या कार्यशाळेत जायचं होतं, ती विणकामात आली. पुढे मागावर तिने जे केलं त्यासाठी 1949 मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने तिचं एकल प्रदर्शन भरवलं. त्या संग्रहालयात विणकाम करणाऱ्या कलावंताला असा मान पहिल्यांदाच मिळाला. तरी आजही सूत-लोकर म्हणजे हस्तकला आणि तैलरंग म्हणजे कला ही विभागणी अनेकांच्या डोक्यात शाबूत आहे.

आपल्याकडची दोन उदाहरणं शेजारी ठेवून पाहा. बिहारमध्ये 1966-67 च्या दुष्काळात अखिल भारतीय हस्तकला मंडळाने भास्कर कुलकर्णी या मुंबईच्या चित्रकाराला मधुबनी भागात पाठवलं. भिंतीवर चित्रं काढणाऱ्या बायकांनी ती कागदावर काढावीत, म्हणजे विकता येतील, अशी कल्पना होती. जगदंबा देवी, सीता देवी, गंगा देवी ही नावं त्यातून जगापुढे आली आणि तिघींनाही पद्मश्री मिळाली. गंगा देवींनी पुढे अमेरिका भेटीत पाहिलेला रोलर कोस्टर रंगवला, स्वतःच्या कॅन्सरच्या उपचारांवर चित्रमालिका केली. परंपरा चालवणारी अनाम बाई अशा चौकटीत त्यांना बसवणं केवळ अशक्य आहे. दुसरीकडे वारली चित्रं. लग्नाचा चौक लिहिण्याचं काम पिढ्यान्‌पिढ्या सुवासिनींचं. तेही त्याच सुमारास भिंतीवरून कागदावर आलं, पण सर्वात मोठं झालेलं नाव जिव्या सोमा म्हसे या पुरुषाचं. म्हसे थोर चित्रकार होते, त्यांचा मान कणभरही कमी करायचं कारण नाही. पण त्यांच्या आधी ज्यांचे हात त्या भिंतींवर फिरले, त्यांच्यातल्या किती जणींची नावं आपल्याला सांगता येतील? भिंत सारवली की चित्र जातं, आणि सही करायची पद्धतच नव्हती. या दोन हकिगती एकाच संध्याकाळी सांगा, कारण माध्यम बदलताना नाव कुणाला मिळतं हा प्रश्न त्यांच्यातून उघड होतो.

अशा कामांचं कौतुक करताना एक सवय टाळा. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या गीज बेंड या वस्तीतल्या कृष्णवर्णीय स्त्रियांनी जुन्या कामाच्या कपड्यांतून शिवलेल्या गोधड्या 2002 मध्ये संग्रहालयात लागल्या तेव्हा, या तर आधुनिक अमूर्त चित्रांसारख्या आहेत, अशी वाहवा झाली. ती मनापासूनच होती. पण मोजपट्टी पुन्हा चित्रकारांचीच राहिली. गोधडी गोधडी म्हणून पाहा. झिजलेल्या पँटचा खिसा उसवल्यावर जो गडद चौकोन उरतो, तो कुठे वापरला आहे, रेषा सरळ ठेवायची सोय असताना ती मुद्दाम कुठे वळवली आहे, हे पाहायला शिकवा. आणि मेरी ली बेन्डॉल्फसारखी शिवणारीची नावं पाटीवर ठळक लिहा. जात्यावरच्या ओव्यांच्या संग्रहाचं मोल मला म्हणूनच फार वाटतं. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी सहकाऱ्यांसह अशा लाखभर ओव्या गोळा केल्या, आणि त्या कामात गाणारीचं नाव आणि गाव यांची नोंद झाली. 'लोकगीत' म्हणून सोडून देण्यापेक्षा हे फार वेगळं आहे.

घराच्या आत घडणारं अदृश्य होणं, ही चौथी वाट. ती तुमच्या टिपणांत भरपूर आहे, म्हणून इथे थोडक्यात. फॅनी मेंडेल्सझोन या जर्मन संगीतकार स्त्रीची सहा गाणी धाकट्या भावाच्या, प्रसिद्ध संगीतकार फेलिक्सच्या, नावाने छापलेल्या संग्रहांत होती. 1842 मध्ये इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीने त्यातलं आवडतं गाणं त्याला गाऊन दाखवलं, आणि ते बहिणीचं असल्याचं त्याला कबूल करावं लागलं. तिने 1828 मध्ये रचलेला ईस्टर सोनाटा तर 2010 मध्ये तिचा म्हणून सिद्ध झाला. आपल्याकडे होमाई व्यारावाला यांची सुरुवातीची छायाचित्रं पती माणेकशा यांच्या नावाने छापली जात. या गोष्टींत खलनायक शोधायच्या मागे लागू नका. फेलिक्सचं बहिणीवर प्रेम होतं, माणेकशांनी तर पत्नीला कॅमेरा शिकवला. प्रेमळ माणसांच्या घरातही व्यवस्था तिचं काम करते, आणि श्रोत्यांना हे कळणं जास्त गरजेचं आहे, कारण बहुतेकांची घरं प्रेमळच असतात.

घराबद्दल आणखी एक. 'तिला स्वतःची खोली नव्हती' असं नुसतं म्हणू नका, कामात ते कसं दिसतं ते दाखवा. ली क्रॅस्नर आणि जॅक्सन पोलॉक या अमेरिकन चित्रकार दांपत्याच्या घरी पोलॉककडे कोठाराची मोठी जागा होती आणि क्रॅस्नर वरच्या झोपायच्या खोलीत काम करायची. तेव्हाची तिची चित्रं लहान आहेत, दाट, बारीक खुणांनी गच्च भरलेली. 1956 मध्ये पोलॉक गेल्यावर ती कोठारात आली आणि पुढच्याच वर्षी तिने सुमारे 17 फूट रुंदीचं चित्र केलं. दोन्ही प्रती प्रमाणात लहानमोठ्या लावा. दोन्ही चित्रं उत्तम आहेत हेही सांगा. लहान खोलीतली चित्रं म्हणजे केवळ अडचणीची खूण असं मानलं, तर तिच्या त्या वर्षांच्या विचारावर अन्याय होतो.

आता तुमच्या दुसऱ्या अडचणीकडे, सांगण्याच्या पद्धतीकडे येते. माझा एक नियम आहे. पाटीवरचं पहिलं वाक्य कामाबद्दल असतं. जन्म, बाप, नवरा, दुःख हे सगळं नंतर, आणि तेही कामाशी संबंध असेल तरच. सतराव्या शतकातली इटालियन चित्रकार आर्तेमिझिया जेंतिलेस्की हिच्यावर हा नियम लावून बघा, मग त्याची ताकद कळेल. तिच्यावर बलात्कार झाला, 1612 मध्ये खटला चालला, खरं बोलते का हे पाहायला तिच्याच बोटांना दोर आवळले गेले. हे सांगायलाच हवं, लपवायचं काही नाही. पण मग तिने शत्रूचा सेनापती होलोफर्नेस याचा शिरच्छेद करणारी, बायबलच्या कथेतली ज्युडिथ रंगवली ती सूड म्हणून, असं म्हणून बहुतेक जण थांबतात, आणि चाळीसेक वर्षांची कारकीर्द एका गुन्ह्याच्या खाली गाडली जाते. तो गुन्हा तिने केलाही नव्हता.

त्याऐवजी चित्राकडे पाहा. तिच्या आधीचा इटालियन चित्रकार कॅराव्हाज्जो याच्या याच विषयावरच्या चित्रात ज्युडिथ अंग मागे घेऊन, कपाळाला आठ्या घालून, जणू लांबूनच तलवार चालवते, आणि म्हातारी दासी बाजूला पिशवी धरून उभी आहे. आर्तेमिझियाच्या चित्रात दासी तरुण आहे आणि ती त्या धिप्पाड पुरुषाला पूर्ण वजन टाकून दाबून धरते आहे. ज्युडिथच्या बाह्या वर सरकवलेल्या आहेत, हात ताठ आहेत, मूठ त्याच्या केसांत आहे. माणूस मारणं हे अंगमेहनतीचं काम आहे आणि दोन बायका ते वाटून करत आहेत. हा विचार चित्रातला आहे, तो समजायला खटल्याची कागदपत्रं लागत नाहीत. शिवाय तारखा पाहा. 'सुझॅना आणि दोन वृद्ध' या तिच्या चित्रावर 1610 साल आहे. आंघोळ करणाऱ्या तरुणीवर टपलेले म्हातारे हा विषय पुरुष चित्रकार बहुधा बघणाऱ्याच्या सुखासाठी रंगवत. तिची सुझॅना अंग पिळवटून, हाताने त्यांना दूर लोटते. तेव्हा आर्तेमिझिया सतरा वर्षांची होती आणि तो अत्याचार अजून व्हायचा होता. म्हणजे तिची दृष्टी आधीच घडलेली होती. पुढे 1616 मध्ये ती फ्लॉरेन्सच्या चित्र अकादमीची पहिली स्त्री सभासद झाली, आणि 1649 मध्ये एका श्रीमंत संग्राहकाला तिने लिहिलं की बाई काय करू शकते ते मी दाखवून देईन. त्याच पत्रव्यवहारात ती किमतीवरूनही ठामपणे बोलते. तिचं टिपण नव्याने लिहिताना सुरुवात बाह्यांपासून करा.

'पहिली स्त्री' या शब्दांचा मोहही आवरा. कुणीतरी आधीची निघतेच, आणि पहिलेपण सिद्ध करण्याच्या नादात काम मागे पडतं. हिल्मा आफ क्लिंटचं असंच होऊ लागलं आहे. 1906 पासून, अमूर्त चित्रकलेचा प्रवर्तक मानल्या जाणाऱ्या रशियन चित्रकार कांडिन्स्कीच्याही आधी, ही स्वीडिश चित्रकार अमूर्त चित्रं करत होती हे खरं. आपल्या मृत्यूनंतर वीस वर्षं ती दाखवू नयेत, ही तिची स्वतःची इच्छा होती, हेही सांगायला हवं. तिला फक्त दडपलं गेलं असं म्हटलं की तिचा निर्णय तिच्याकडून काढून घेतला जातो. आणि ती एकटी नव्हती. मैत्रिणींच्या ज्या गटात ती अध्यात्माचे प्रयोग करत होती, त्यातल्या आना कॅसेलसारख्या सोबतिणींचा सुरुवातीच्या चित्रांत हात होता, असं अभ्यासक आता मांडत आहेत. एकट्या महापुरुषाच्या जागी एकटी महास्त्री बसवली तर बाकीच्या पुन्हा पडद्याआड जातात.

निवडीबद्दल माझा सगळ्यात मोठा आग्रह इथे आहे. आपण ज्यांना शोधून काढतो त्यांच्यातही नोंद कुणाची राहिली ते बघा. आर्तेमिझिया चित्रकाराची मुलगी, फॅनी मेंडेल्सझोन श्रीमंत बँकरची. कागदपत्रं, चित्रं, पत्रं जपणारं घर असलं की शोध लागतो. ज्यांना ते नव्हतं त्यांच्यापर्यंत पोचायला जास्त कष्ट लागतात, आणि आपल्याकडे त्यात जात आहे. मराठी नाट्यलेखनाच्या सुरुवातीच्या काळात हिराबाई पेडणेकर नाटकं लिहीत होत्या, 'दामिनी' हे त्यांचं नाटक ललितकलादर्श या नाटक मंडळीने रंगभूमीवर आणलं. त्या पिढीजात गाण्या-नाचण्याचा व्यवसाय असलेल्या कलावंत समाजातल्या. त्यांची आठवण निघते ती बहुतेक वेळा मोठ्या साहित्यिकांशी असलेल्या मैत्रीवरून, लेखनावरून क्वचितच. लावणीचंही तेच. रचना करणाऱ्या शाहिरांची नावं पुस्तकांत आहेत, पण ती लावणी स्वर, अदा आणि अभिनयाने ज्यांनी घडवली त्यांच्याकडे सर्जक म्हणून पाहिलंच गेलं नाही. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांना राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव मिळाला, आणि अखेरचे दिवस हलाखीत गेले. तुमच्या बारांत सगळ्या सुखवस्तू घरातल्या असतील तर यादी पुन्हा करा.

आतापर्यंतचं थोडक्यात: वाट शोधा, तिच्याप्रमाणे मांडणी बदला, काम आधी सांगा, आणि आपल्याच यादीतून कोण सुटतंय ते बघा. बाराऐवजी सहा-सात जणी घेतल्यात तरी चालेल, किंबहुना मी तेच सुचवेन. एकेकीला पुरेसा वेळ द्या आणि शक्य तिथे दोघींना जोडीने ठेवा, म्हणजे वाटांमधला फरक दिसेल. आणि सगळ्याच कामाला थोर म्हणू नका. एखादं चित्र फसलं असेल तर का फसलं ते बोला. पुरुष कलावंतांची चिकित्सा करायची आणि बायकांना फक्त हार घालायचे, यात बायकांना बरोबरीने घेतल्यासारखं होत नाही. गटातल्या त्या मित्रालाही असं मोकळं बोलणं जास्त पटेल.

शेवटची सूचना, जी तुम्ही विचारलेली नाही पण मला द्यायचीच आहे. मालिकेतली एक बैठक आज काम करणाऱ्या, फारशा कुणाला माहीत नसलेल्या एखाद्या स्त्री कलावंतासाठी ठेवा. तिला मानधन द्या. तिच्या कामांची छायाचित्रं काढा, आणि प्रत्येकासोबत पूर्ण नाव, साल, माध्यम, आकार आणि ते काम सध्या कुणाकडे आहे एवढं लिहून ठेवा. चित्र असेल तर तिच्या परवानगीने मागच्या बाजूलाही लिहा, पेन्सिलने, पुसट होणाऱ्या शाईने नाही. तिच्यासोबत काम करणाऱ्या, साहित्य पुरवणाऱ्या, शिवून-विणून देणाऱ्या बायका असतील तर त्यांचीही नावं विचारा. एक प्रत तिच्याकडे राहू द्या आणि एक जवळच्या सार्वजनिक ग्रंथालयात द्या.